आरबीआयनं रेट वाढवला म्हणून बँकेचं भांडवल घटत नाही, अहवालात काय बघायचं ते वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं सहकारी बँकांच्या वार्षिक सभा जवळ आल्या की अहवाल घरोघरी येतात आणि नफा नि लाभांश बघून लोक बाजूला ठेवतात, पण आरबीआयनं पैसा आवळला अशी बातमी आली की "आता बँकेचं भांडवल कमी होणार" म्हणत ठेव मोडायला पळतात. तसं करण्याआधी अहवाल उघडा.

पहिलं म्हणजे सीआरआर आणि सीआरएआर वेगळे आहेत, नाव सारखं वाटतं म्हणून बहुतेक जण इथंच फसतात. सीआरआर म्हणजे ठेवींपैकी रोख ठेवायचा हिस्सा. मे 2022 मध्ये आरबीआयनं तो 4 वरून 4.5 टक्के केला, म्हणजे 150 कोटींच्या ठेवी असलेल्या बँकेला साधारण 75 लाख जास्त अडकवून ठेवावे लागले. पैसा गेला नाही, बँकेचाच आहे, फक्त कर्जाला वापरता येत नाही. सीआरएआर म्हणजे स्वतःचं भांडवल भागिले जोखीमभारित मालमत्ता (कर्जं, गुंतवणूक वगैरे प्रत्येकाच्या जोखमीप्रमाणं वजन लावून मोजलेली). भांडवल काही तिजोरीत ठेवलेली रोकड नव्हे की आरबीआय ओढून घेईल, ते ताळेबंदात देण्यांच्या बाजूला असतं: भाग भांडवल, राखीव निधी वगैरे. आणि सीआरआरपोटी आरबीआयकडं ठेवलेल्या रकमेला जोखमीचं वजन शून्य, त्यामुळं ती वाढली म्हणून सीआरएआर पडत नाही.

मग रेट वाढल्याचा फटका कुठून बसतो? रोख्यांतून. व्याजदर चढले की जुन्या सरकारी रोख्यांची किंमत उतरते. मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून बाजूला काढलेल्या रोख्यांचा तोटा लगेच हिशोबात येत नाही, बाकीच्यांचा तरतूद करून, म्हणजे नफ्यातून तेवढी रक्कम बाजूला काढून, दाखवावा लागतो. समजा भांडवल 12 कोटी आणि जोखीमभारित मालमत्ता 100 कोटी, म्हणजे सीआरएआर 12 टक्के. रोख्यांत 2 कोटी गेले आणि भरून काढायला नफा किंवा निधी नसला तर तो 10 वर येतो. म्हणून "गुंतवणूक चढउतार निधी" (असा तोटा झेलायला राखून ठेवलेला पैसा) ही ओळ शोधा, मागच्या वर्षीपेक्षा वाढलाय का बघा.

दुसरा फटका हळू येतो. हप्ता वाढला की बेळगावच्या उद्यमबागेतला फाउंड्रीवाला असो की वडगावातला यंत्रमागवाला, एखादा थकतो, थकबाकी एनपीए (वसूल न होणारं, अडकलेलं कर्ज) होते, तरतूद करावी लागते आणि ती नफ्यातूनच जाते. निव्वळ एनपीएचे (तरतूद वजा करून उरलेल्या) दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून वाचा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

उलटंही होतं बरं का! कर्जाचे दर ठेवींच्या आधी वाढले तर नफा वाढतो, तो राखीव निधीत टाकला तर सीआरएआर चढतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो (आरबीआय बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, तरी मार्च 2023 ला देशातल्या व्यापारी बँकांचा एकत्रित सीआरएआर 17 टक्क्यांच्या वर होता.

आपल्या बँकेला किती सीआरएआर लागतो तेही बघा, 100 कोटींपर्यंत ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकेला किमान 9 टक्के आणि त्याहून मोठ्यांना साधारणपणे 12, तो गाठायला आरबीआयनं मार्च 2026 पर्यंतची मुदत दिली होती. सभेत उभं राहून सरळ विचारा, सभासदाचा तो हक्कच आहे.

पण तुमचा पैसा सौहार्द सोसायटीत किंवा पतसंस्थेत असेल तर ती आरबीआयच्या या नियमात येत नाही आणि बँकेसारखा 5 लाखांचा ठेव विमाही तिथं नाही, म्हणून तिथं थकबाकी आणि राखीव निधी आणखी बारकाईनं तपासा.