शोभेचं गवत लावताय? आधी तुरा बघा

मृगाचा पाऊस मुरला की होमस्टेवाले शोभेचं गवत शोधायला लागतात. नर्सरीत 'फाउंटन ग्रास' म्हणून मिळतं ते बाजरी आणि नेपियरचं भाऊबंद. एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकणारं. हरळीसारखं ते जमिनीखालून पळत नाही, नवे फुटवे जुन्यांना चिकटूनच येतात. म्हणून ठोंब कडेने ताजा राहतो आणि मधून वाळत जातो. दोन-तीन वर्षांनी मध्ये पोकळ दिसला, की जूनमध्ये खणून काढा. कडेचे फुटवे मुळांसकट सोडवा, तीन-चारांची जुडी करून लावा. मधला लाकडासारखा गड्डा फेकून द्या.

हे गवत मूळचं आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातलं. कोकणात ते उन्हाने सहसा मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरतं. पहिल्या वर्षी मी खड्डा घेतला, घमेलंभर शेणखत घातलं; श्रावणात ठोंब दोन बोटांनी वर आला, बूड काळं आणि कुजका वास. आता वीतभर उंच वरंबा करतो, मातीत जांभ्याची खडी मिसळतो, बुंधा मातीच्या वर ठेवतो. शेणखत मूठभर पुरे.

आता तुऱ्याचं. हिरव्या पानांच्या जातीचा पिकलेला तुरा मुठीतून ओढा, केसाळ कुसं दाण्यासकट हातात येतात. परागीभवन झालं नाही तरी तिला बी धरतं, आणि ते वाऱ्यावर, कपड्यांवर, गुरांच्या अंगावरून कुठेही जातं. हवाई बेटांवर ते लाव्हाच्या उघड्या खडकावर पसरलं, वाळून वणव्याला खाद्य झालं आणि जळल्यावर बुडातून पुन्हा फुटलं. आपला कातळसडा तसाच उघडा, आणि सड्याला लागून हापूसच्या बागा! त्यामुळे ही जात सड्याजवळ लावूच नका. जांभळ्या पानांच्या जातीला बी सहसा धरत नाही, ती अंगणात चालेल. विकणारा 'सगळं एकच हो' म्हणेल, ऐकू नका.

बांधासाठी मात्र आपला वाळाच. शेंडे वीतभर ठेवून छाटा आणि चार-चार बोटांवर ओळीने लावा, भाताचा तरवा लावतो तसा, फक्त जरा घट्ट दाबून. सुगंधी मुळांसाठी हवा असेल तर वेगळा वाफा करा. बांधावरचा वाळा खणलात तर बांधही सोबत येईल.