घसा धरलाय? कोकणातल्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

गणपती सरले की कोकणात घरोघर घसे धरलेले असतात. खच्चून भरलेल्या गाड्यांतून आलेले चाकरमानी, एकेका घरात पंधरा-वीस माणसं, रात्रभर भजनं. विषाणूंना एकाकडून दुसऱ्याकडे जायला आणखी काय हवं? मग कुणीतरी बाजारात जातं आणि मेडिकलच्या काउंटरवर म्हणतं, "घसो धरलो हा, कायतरी दी." कुणाचा घसा, किती दिवस, ताप आहे का, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

तीन गोळ्यांचं पाकीट

सर्वांत मोठी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल. सर्दी, खोकला, बसलेला आवाज, डोळ्यांची लाली यांच्यासोबत आलेली घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि आठवडाभरात आपली आपण बरी होते. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. तरीही ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घेतल्या जातात, चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि श्रेय गोळ्यांना मिळतं. पुढच्या वेळी शेजारणीलाही तेच नाव सांगितलं जातं.

याच्या उलट, अँटिबायोटिकची खरी गरज असते तिथे ते अर्ध्यावर सोडलं जातं. साधारण 5 ते 15 वर्षांच्या मुलाला अचानक ताप भरला, गिळताना खूप दुखतंय, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, जबड्याखालच्या गाठी दुखतायत आणि खोकला-सर्दी मात्र नाही, तर स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूची शंका घ्यावी. नुसतं पाहून खात्री होत नाही, त्यासाठी घशातला स्वॅब तपासावा लागतो. डॉक्टर बहुधा पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन 10 दिवस देतात. दोन दिवसांत ताप उतरतो, पोर अंगणात खेळायला लागतं आणि बाटली कपाटात जाते. असं करू नका. हा संसर्ग नीट बरा झाला नाही तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. घशाचं दुखणं विसरलेलं असतं, तेव्हा हे सुरू होतं.

काट्यावर भाताचा गोळा

तारली, पेडवे खाताना काटा अडकला की पानावरची सगळी एकच सल्ला देतात: भाताचा गोळा न चावता गिळ. नाहीतर केळं. कधी काटा खाली जातोही, पण रुतलेला असेल तर त्या गोळ्याने तो आणखी आत ढकलला जातो, कधी थेट अन्ननलिकेच्या भिंतीत. मग तो शोधणं आणि काढणं दोन्ही कठीण होतं. बोट घालून उलटी काढणंही तितकंच वाईट. खाणं थांबवा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. टॉन्सिलजवळचा काटा ते बहुतेकदा चिमट्याने तिथल्या तिथे काढतात. काटा निघून गेल्यावरही ओरखडा दिवसभर सलतो, हे खरं. पण दुसऱ्या दिवशीही गिळताना नेमकं त्याच जागी टोचत असेल तर वाट पाहू नका. एक्स-रेत दिसला नाही म्हणजे काटा नाही असंही समजू नका, माशांचे बारीक काटे त्यात अनेकदा दिसत नाहीत. थुंकी गिळता येईना, थुंकीत रक्त आलं, छातीत किंवा मानेत दुखू लागलं तर त्याच दिवशी रुग्णालय.

ताप नाही, पण घसा रोजच दुखतो

इथे औषधाआधी घराकडे बघा. उन्हाळ्यात भाजवळीचा, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळण्याचा धूर, बारा महिने चुलीचा, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी. रात्री उशिरा तिखट कालवण खाऊन लगेच आडवं होणाऱ्यांना पहाटे घसा जळजळतो, तो पित्ताने. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवून पाहावं.

मशेरी लावणाऱ्या, तंबाखू किंवा विडी ओढणाऱ्या माणसांनी मात्र हे कारण स्वतःच ठरवू नये. तीन आठवड्यांवर बसलेला आवाज, एकाच बाजूला दुखणारा घसा किंवा कान, मानेत गाठ: कर्करोगाची तपासणी करून घ्यावी. आपल्या बायका हे फार उशिरा सांगतात. घरातल्यांनी विचारावं.

घरचे उपाय

कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात, त्याने आराम पडतो. पडजीभ "पडली" म्हणून मिठाचं बोट लावून ती वर ढकलू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध नको, मुलांना ॲस्पिरिन नको. सर्दीच्या गोळीत बहुधा पॅरासिटामॉल असतंच, वरून वेगळी गोळी घेतली तर मात्रा दुप्पट होते. थायरॉइडसाठी कार्बिमाझोल चालू असताना घसा दुखून ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. त्या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीवर उतरतात. आणि लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांचं दुखणं, लाल डोळे असतील तर चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या तापाची, म्हणजे लेप्टोची, शंका त्यावरून येते.

कधी थांबायचं नाही

श्वास घेताना आवाज किंवा त्रास, लाळ गळणं, तोंड उघडता न येणं, मान सुजणं, पाणीही न जाणं, घशात राखाडी पापुद्रा. शेवटचं लक्षण घटसर्पाचं असू शकतं, म्हणून 5-6 वर्षांचा आणि 10 व 16 व्या वर्षाचा लसीचा डोस चुकवू नका. आपल्याकडे वाडीतून तालुक्याला पोचायलाच तास जातो आणि सावंतवाडीकडच्यांना पुढे गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातही न्यावं लागतं. म्हणून संध्याकाळी शंका आली तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत मुलाला बसतं ठेवा, आडवं करू नका आणि घसा बघायला तोंडात चमचा घालू नका.