गेमिंगसाठी मोठी एसएसडी घ्यावी का? खरेदीआधी घरी करायचा हिशेब

चार टीबीच्या (सुमारे चार हजार जीबीच्या) एसएसडीची, म्हणजे वेगवान साठवण ड्राइव्हची, किंमत पाहिली की मनात येतं, यात थोडी भर घालून ग्राफिक्स कार्डच बदललं तर? शंका रास्त आहे. एसएसडीमुळे फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची संख्या, जवळजवळ वाढत नाही. गेम लवकर उघडतो, मोठ्या नकाशात फिरताना अडखळणं कमी होतं आणि नवा गेम टाकायला जुना काढावा लागत नाही. यातला शेवटचा फायदा फक्त मोठी ड्राइव्ह देते आणि खरे पैसे तिथेच लागतात. माझं मत स्पष्ट आहे. वेगापेक्षा जागेवर खर्च करा, पण जागा किती हवी हे तुमच्याकडच्या गेमच्या संख्येवरून ठरवू नका. ते घरातल्या इंटरनेटवरून ठरवा.

आधी चालू गेम मोजा

सेलमध्ये घेतलेले आणि कधीच न उघडलेले गेम या मोजणीत धरू नका. गेल्या दोन महिन्यांत जे खेळलात तेवढेच कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे त्याची जागा मांडा. बाल्डर्स गेट ३ आणि रेड डेड रिडेम्प्शन २ प्रत्येकी १५० जीबी मागतात, स्टारफील्ड १२५ जीबी, सायबरपंक २०७७ साधारण ७० जीबी. बहुतेकांची बेरीज ४०० ते ८०० जीबीच्या आसपास थांबते.

आता ड्राइव्हवर प्रत्यक्ष किती मावतं ते पाहा. १ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, २ टीबीची १८६३. त्यातून विंडोज आणि इतर सॉफ्टवेअरचे शंभरेक जीबी वजा करा. शिवाय १५ टक्के जागा मोकळी ठेवा, कारण काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना मंदावते. म्हणजे १ टीबीत गेमसाठी सुमारे ७०० जीबी उरतात आणि २ टीबीत सुमारे १५००.

मग डाउनलोडचा वेळ काढा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि निर्णय नेमका इथेच होतो. काढून टाकलेला गेम पुन्हा उतरवायला किती वेळ लागतो, तीच मोठ्या ड्राइव्हची खरी किंमत. गणित सोपं आहे. जीबीला आठाने गुणा, मग हजाराने गुणा आणि एमबीपीएसने, म्हणजे इंटरनेटच्या वेगाने, भागा. उत्तर सेकंदांत येतं.

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ३०० एमबीपीएसचं फायबर असेल, तर १५० जीबीचा गेम तासाभरापेक्षा थोड्या जास्त वेळात उतरतो. जेवण करून येईपर्यंत काम होतं. अशा घरात ४ टीबीसाठी पैसे घालायचं कारण मला दिसत नाही. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याचं गणित वेगळं. तिथे एकच वायफाय सगळी खोली वापरते. वाट्याला ५० एमबीपीएस आले तरी तोच गेम उतरायला सहा तास चाळीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ बाकीच्यांचे ऑनलाइन क्लास अडकतात. त्यात गुरुवारी महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवली की राउटरही बंद. शिवाय ‘अनलिमिटेड’ म्हणवणाऱ्या बऱ्याच योजनांना महिन्याला सुमारे ३३०० जीबीची मर्यादा असते. ती एकट्याला पुरते, चौघांत वाटली की कमी पडू शकते. मोठी ड्राइव्ह या विद्यार्थ्याच्या जास्त उपयोगाची, फ्लॅटवाल्याच्या नाही.

पण त्याच्यासाठीही स्वस्त वाट आहे. साधी हार्ड डिस्क गोदाम म्हणून वापरायची. सध्या न खेळायचे गेम तिच्यावर ठेवायचे आणि हवा तेव्हा एसएसडीवर आणायचा. हार्ड डिस्क सेकंदाला १५० एमबीने वाचते असं धरलं, तर १०० जीबी साधारण अकरा-बारा मिनिटांत सरकतात. बारीक फाइल खूप असतील तर अजून थोडा वेळ. गेम विकत घ्यायच्या स्टीम ॲपमध्ये सेटिंग्जच्या स्टोरेज भागातून गेम एका ड्राइव्हवरून दुसरीवर हलवता येतो, पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही. हार्ड डिस्कवरून थेट खेळायला मात्र जाऊ नका. बाल्डर्स गेट ३ आणि स्टारफील्ड यांच्या किमान गरजांच्या यादीतच एसएसडी आहे.

वेगाच्या आकड्यांवर थोडेच पैसे

साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई या नव्या जोडणीची जेन ३ (तिसऱ्या पिढीची) ३५०० पर्यंत, जेन ४ सुमारे ७००० आणि जेन ५ दहा हजारांच्या वर. हार्ड डिस्कवरून साटावर आलात की फरक लगेच जाणवतो. साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर बहुतेक गेममध्ये काही सेकंद वाचतात. जेन ४ वरून जेन ५ वर गेल्यावर घड्याळ लावूनही फारसं काही हाती लागत नाही, कारण गेम उघडताना असंख्य छोटे तुकडे वाचले जातात आणि ते उलगडण्याचं काम प्रोसेसर करत असतो. ते काम ग्राफिक्स कार्डकडे सोपवू शकणारं मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज तंत्र पीसीवर पहिल्यांदा २०२३ च्या जानेवारीत फोरस्पोकन या गेममध्ये आलं, पण ते वापरणारे गेम अजून मोजकेच आहेत. शिवाय जेन ५ ड्राइव्ह जास्त तापते. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा चांगला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) नसेल तर ती स्वतःच वेग कमी करते. तेच पैसे जेन ४ मधल्या जास्त जागेवर घाला.

मोठ्या आणि स्वस्त ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा क्यूएलसी चिप (एका कप्प्यात चार बिट साठवणारी) असते. तिचा राखीव वेगवान भाग भरला की मोठी कॉपी रखडते आणि टीबीडब्ल्यूचा, म्हणजे वॉरंटीत किती लिहिता येईल याचा, आकडाही टीएलसीपेक्षा (तीन बिट साठवणाऱ्या चिपपेक्षा) कमी असतो. गेमिंगमध्ये मात्र वाचणंच जास्त असतं. २ टीबीच्या ड्राइव्हचा टीबीडब्ल्यू ४४० असेल आणि तुम्ही रोज १०० जीबी लिहीत असाल, तरी तो संपायला बारा वर्षं लागतील. तेव्हा नुसतं गेमसाठी क्यूएलसी चालेल. व्हिडिओ एडिटिंगही करत असाल तर टीएलसीच घ्या.

स्लॉट बघा, मग टीबीमागे भाव काढा

लॅपटॉपचं किंवा मदरबोर्डचं मॅन्युअल उघडून एम.२ स्लॉट, म्हणजे एसएसडी बसवायच्या खाचा, किती आहेत ते पाहा. दोन असतील तर आज गरजेपुरती ड्राइव्ह घ्या आणि पुढची पुढे. काही मदरबोर्डवर दुसरा स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो, तेही तिथेच लिहिलेलं असतं. एकच स्लॉट असेल तर थोडी मोठी ड्राइव्ह घेणं योग्य, कारण पुढच्या वेळी आधीची काढावीच लागते. काढलेली ड्राइव्ह एनक्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडायच्या डबीत, घालून वापरता येते. पातळ लॅपटॉपमध्ये दोन्ही बाजूंना चिप असलेली ४ टीबीची ड्राइव्ह बसेलच असं नाही.

पीएस५ला जेन ४ एनव्हीएमई आणि हीटसिंक लागतो. सोनी सेकंदाला किमान ५५०० एमबीचा वेग सुचवते आणि ८ टीबीपर्यंतची ड्राइव्ह चालते. पीएस५चे गेम यूएसबी ड्राइव्हवर साठवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि एसला स्वतःचं वेगळं कार्ड लागतं, म्हणून तिथे टीबीमागचा भाव बहुधा जास्त पडतो.

आता भाव. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी करा, दोन ऑनलाइन दुकानांत बघा आणि प्रत्येक किंमत टीबीने भागा. केवळ उदाहरणासाठी धरा की १ टीबी ७,००० रुपयांना, २ टीबी १३,००० ला आणि ४ टीबी ३०,००० ला मिळतेय. म्हणजे टीबीमागे ७,०००, ६,५०० आणि ७,५००. टीबीमागचा भाव जिथे पुन्हा चढू लागतो, त्याच्या आधी थांबायचं. बहुतेक खेळाडूंना २ टीबीवर थांबायला मी सांगेन. चालू गेमची बेरीज १५०० जीबीच्या पुढे जात असेल आणि इंटरनेटही धिमं असेल, तरच ४ टीबी. नुसत्या गेमसाठी ८ टीबी कुणीही घेऊ नये. एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी वाढवल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून फ्लॅश मेमरीचे भाव चढले आहेत, त्यामुळे जुन्या लेखांतल्या किमतींवर विसंबू नका.

विकत घेताना

१८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. नावाजलेल्या बऱ्याच ड्राइव्हना पाच वर्षांची वॉरंटी असते, स्वस्त मॉडेलना तीन. भारतातली वॉरंटी चालते का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकून तपासा. दोन-अडीच हजारांत १६ टीबी देणारी एक्सटर्नल एसएसडी नकलीच असते. आत छोटं मेमरी कार्ड ठेवून आकडा मोठा दाखवलेला असतो.

घरी आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्हची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा आणि ड्राइव्ह किती तास वापरली गेली आहे ते बघा. नव्या ड्राइव्हवर तो आकडा शून्याच्या जवळच हवा. त्यानंतर एचटूटेस्टडब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण जागा एकदा लिहून-वाचून घ्या. मोठ्या ड्राइव्हला वेळ लागेल, रात्री लावून ठेवा. एकही चूक दाखवली तर गेम न टाकता ड्राइव्ह दुकानात परत न्या.