जीवनसत्त्व ‘अ’ घरच्या ताटात कसं आणायचं

मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात चोवीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. आता पंचवटीत मुलाकडे राहते आणि दर बुधवारी गोदाघाटावरच्या बाजाराला जाते. मागच्या महिन्यात सुनेच्या मैत्रिणीचा फोन आला. “काकू, तिसरा महिना चालू आहे. घरात कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल पडल्यात, घेऊ का? डोळ्यांना चांगल्या असतात ना? गाजरं तर मी रोज खातेच.” तिला त्या दिवशी जे समजावलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी एवढं पक्कं करा की ‘अ’ जीवनसत्त्व आपल्याकडे दोन रूपांत येतं. एक तयार रूप, रेटिनॉल. ते फक्त प्राण्यांकडून मिळतं: कलेजी, अंड्याचा बलक, साय, लोणी, तूप, माशाच्या यकृताचं तेल (कॉड लिव्हर ऑइल म्हणजे हेच). दुसरं रूप भाज्या-फळांतलं, त्यात मुख्य बीटा कॅरोटिन. पाड्यावर आयांना मी सांगायचे, रेटिनॉल म्हणजे दळलेलं पीठ आणि बीटा कॅरोटिन म्हणजे गहू. गहू दळायची गिरणी आपल्या आतड्यात आहे, पण तिथे घट फार येते. अन्नातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटिनमागे शरीराला साधारण १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल मिळतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला ८४० मायक्रोग्रॅम लागतं, पुरुषाला १०००, एक ते तीन वर्षांच्या मुलाला ३९०. हे आकडे रेटिनॉलच्या हिशोबातले आहेत, म्हणून भाजीचा आकडा वाचला की त्याला आधी बाराने भागायचं.

आता बाजार. इथे माणसं रंगाला भुलतात. बिटाचा लाल रंग वेगळ्याच द्रव्याचा, त्यात ‘अ’ जवळपास नाही. आपली द्राक्षं गोड खरी, पण या कामाची नाहीत. टोमॅटोत मुख्य रंग लायकोपीनचा असतो आणि लायकोपीनचं ‘अ’ होत नाही. बीटा कॅरोटिन असतं ते थोडंच. हिवाळ्यातल्या लाल गाजरातही लायकोपीन असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात केशरी गाजरात १०० ग्रॅमला सुमारे ५,४०० मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटिन दिलंय, लाल गाजरात त्याच्या निम्मं. रताळ्याचंही तसंच. आतून केशरी असेल तर उत्तम, पांढरं असेल तर उपवासापुरतं.

आणि हिरव्या पालेभाजीत तोच पिवळा-केशरी रंग दडलेला असतो, हरितद्रव्याखाली झाकला जातो म्हणून दिसत नाही. त्याच तक्त्यात मेथी ९,००० च्या वर आहे आणि शेवग्याचा पाला १७,००० च्या वर! पालक सुमारे २,६०० वरच थांबतो. शेंगा विकत घेणारे पाल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ३० ग्रॅम पाला पोटात गेला तर हिशोबाने ४०० मायक्रोग्रॅमच्या पुढे ‘अ’ होतं, म्हणजे बाईची दिवसाची जवळजवळ निम्मी गरज.

भाजी अशी करा. पाला कोवळा बघून घ्या, काड्यांवरून पानं ओढून काढा, धुवा आणि मगच बारीक चिरा. दोन चमचे तेलात लसूण आणि हिरवी मिरची परता, भिजवलेली मूगडाळ घाला, ती अर्धी शिजली की पाला घालून झाकण ठेवा. पाच-सात मिनिटं पुरे. हे तेल टाळू नका. बीटा कॅरोटिन तेलातुपात विरघळतं, स्निग्ध पदार्थ नसेल तर आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, बाकीचं आलं तसं निघून जातं. शिजवून, चिरून, कुस्करून पानांच्या पेशी फुटतात, मग ते जास्त सुटं होतं. म्हणून कच्च्या गाजराच्या कोशिंबिरीपेक्षा तेलात परतलेलं गाजर या कामाला सरस. फोडणी घातली तर कोशिंबीरही चालेल. आमरसावर तूप घालायची आपली रीत आहे ना, ती याच कारणाने फार शहाणी आहे.

पेठला मी हाच पाला नागलीच्या (नाचणीच्या) पिठात मळायला लावायचे, वर तेलाचं बोट. लहान पोरं भाजी थुंकतात, भाकरी थुंकत नाहीत. पावसाळ्यात टाकळा, कुरडू येतात तेही असेच वापरा. पाला वाळवून ठेवायचा असेल तर सावलीत वाळवा, कडक उन्हात कॅरोटिन उडून जातं. पूड झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा.

दुधातुपाबद्दल एक गैरसमज फार ऐकते: गायीचं तूप पिवळं, म्हणून त्यातच ‘अ’, म्हशीचं पांढरं म्हणजे निकस. म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटिनचं जवळजवळ सगळं रेटिनॉल करून टाकते, आणि रेटिनॉलला तसा रंग नसतो. गाय थोडं कॅरोटिन तसंच ठेवते, म्हणून पिवळेपणा. तेव्हा म्हशीचं तूप निर्धास्त खा. अंड्याचा बलक गडद असला म्हणजे ‘अ’ जास्त, असंही नाही. एका अंड्यातून अंदाजे ८० मायक्रोग्रॅम मिळतं. साय काढलेल्या दुधात मात्र ‘अ’ कमी होतं. पिशवीच्या दुधावर आणि तेलाच्या पुड्यावर निळं ‘प्लस एफ’ चिन्ह असेल तर त्यात वरून ‘अ’ आणि ‘ड’ मिसळलेलं असतं. असं तेल उजेडात ठेवू नका, पुन्हा पुन्हा तळायला वापरू नका.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. गहू कितीही साठवला तरी गिरणी गरजेपुरताच दळते, त्यामुळे भाजी-फळांनी ‘अ’ जास्त होत नाही. फार तर गाजरं खाऊन तळहात पिवळे पडतात. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडत नाही, कावीळ आणि यात हाच फरक. तयार पिठाचं तसं नाही. रेटिनॉल यकृतात साठतं, आणि गरोदरपणी, विशेषतः पहिल्या महिन्यांत, रोज ३,००० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर बाळाच्या घडणीत दोष येऊ शकतो. डबीवर ते आययूमध्ये (इंटरनॅशनल युनिट या मापात) लिहितात: १०,००० आययू म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅम. शंभर ग्रॅम कलेजीत काही हजार मायक्रोग्रॅम असतं, म्हणून त्या दिवसांत कलेजीही टाळा. मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन याच घराण्यातलं, गरोदरपणात ते अजिबात नको. तिला म्हटलं, कॅप्सूल बंद ठेव, डबी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि मेथी-शेवगा पोटभर खा. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांनी बीटा कॅरोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्याही घेऊ नयेत. अशा लोकांवरच्या मोठ्या अभ्यासांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला. भाजीतलं कॅरोटिन त्यांनाही चालतं.

एका पाड्यावर चार वर्षांचा पोरगा दिवेलागणीला खेळ सोडून भिंतीला धरून बसायचा. आई म्हणायची, अंधाराला भितो. त्याला अंधारात दिसतच नव्हतं. ‘अ’ कमी पडलं की होतो तो हा रातांधळेपणा. तुमचं मूल संध्याकाळी ठेचकाळत असेल, ताट चाचपडत असेल किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसला, तर पाला वगैरे नंतर. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाळाला पहिला चीक जरूर पाजा, त्यात ‘अ’ भरपूर असतं. पुढे नऊ महिने पूर्ण झाले की गोवराच्या लसीबरोबर ‘अ’च्या औषधाचा १ लाख आययूचा डोस, म्हणजे १ मिली. मग सोळा ते अठरा महिन्यांत २ मिली, आणि तिथून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ मिली. एकूण नऊ डोस. औषधासोबतच्या चमच्यानेच द्यायचं, घरच्या चमच्याने नाही. पहिला डोस लसीबरोबर होऊन जातो, चुकतात ते पाचव्या-सहाव्यापासूनचे, कारण तेव्हा मूल धडधाकट दिसत असतं. लसीचं कार्ड काढा आणि शेवटची तारीख कधीची आहे ते आजच बघा.