व्हिडिओ अडखळतोय? आधी फ्रेम मोजा

नाचाच्या एका कार्यक्रमाचं एडिटिंग करत होते. दोन कॅमेऱ्यांचं फुटेज छान सरकत होतं, तिसऱ्याच्या क्लिपमध्ये मात्र हात वळला की बारीकसा झटका बसायचा. मला वाटलं, कॉम्प्युटरला झेपत नाहीये. प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती केल्या, प्रिव्ह्यूचं रिझोल्यूशन पाव केलं, अख्खी संध्याकाळ घालवली. झटका होता तिथेच.

शेवटी उजव्या बाणाची की दाबत एकेक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र पाहिलं. हात सरकला, सरकला, सरकला, सरकला आणि पाचव्या वेळी जागेवरच. पुन्हा चारदा सरकला, पुन्हा थांबला. क्लिप सेकंदाला 24 फ्रेमची आणि टाइमलाइन, म्हणजे क्लिप जोडायची पट्टी, 30 ची! सेकंदाला 6 फ्रेम कमी पडतात, म्हणून सॉफ्टवेअर 6 फ्रेम दोनदा दाखवतं.

तुम्हीही सुरुवात इथूनच करा. दहा सेकंदांचा तुकडा एक्सपोर्ट करून बघा. त्यातही झटका त्याच जागी, ठरावीक अंतराने येत असेल तर दोष फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा. दर वेळी वेगळ्या जागी अडकत असेल आणि एक्सपोर्ट नीट असेल, तर मशीन दमतंय. तिथे प्रॉक्सी कामाला येतात.

30 ची क्लिप 25 वर टाकली तर उलटं होतं: दर सहावी फ्रेम गळते आणि हालचाल उडी मारते. 60 ची 30 वर किंवा 50 ची 25 वर बिनधास्त टाका, एकाआड एक फ्रेम घेतली जाते. 60 ची 24 वर मात्र अडीचचा हिशेब येतो, कधी दोन फ्रेम पुढे, कधी तीन. 29.97 आणि 30 च्या फरकाने डोकं शिणवू नका. साधारण 33 सेकंदांत एका फ्रेमचा प्रश्न आहे.

टाइमलाइनचा रेट मुख्य फुटेजवरून ठरवा आणि क्लिप आणण्याआधी ठरवा. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तो नंतर बदलता येत नाही, वेगळ्या सेटिंगची नवी टाइमलाइन करावी लागते.

ज्या शॉटचा आवाज लागत नाही, त्याचा रेटच बदलून टाका: प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये इंटरप्रेट फुटेज, रिझॉल्व्हमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्स. 60 ची क्लिप 24 म्हणून वाचायला लावली की वेग 40 टक्के होतो, पण एकही फ्रेम वाया जात नाही. असा स्लो मोशन मला फार आवडतो.

मोबाइलच्या क्लिपचं दुखणं वेगळं. तिचा रेट अनेकदा रेकॉर्डिंगमध्येच कमीजास्त होतो. लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फाकायला लागले की मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये फ्रेम रेट मोड बघा. ‘व्हेरिएबल’ दिसलं तर हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये टाइमलाइनचा रेट निवडून ‘कॉन्स्टंट’ करा आणि ती प्रत एडिटिंगला घ्या. मूळ फाइल पुसू नका.

ऑप्टिकल फ्लो मी सर्वांत शेवटी वापरते. मधल्या फ्रेम तो स्वतः रचतो; संथ हालचालीत कळतही नाही, पण बोटं एकमेकांवरून गेली की वितळल्यासारखी दिसतात. त्या नाचात ताल सांभाळायचा होता, म्हणून वेग बदलणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या कॅमेऱ्याच्या लांबच्या शॉटना ऑप्टिकल फ्लो लावला आणि हात जिथे झरझर फिरत होते तिथे पहिल्या कॅमेऱ्यावर कट घेतला.