बुरशीवाली ताई: बडोद्याच्या जुन्या घरांत शिकलेलं काम

दांडिया बाजारातल्या एका वाड्यात मी पहिल्यांदा पैसे घेऊन ओल आणि बुरशीसाठी भिंत तपासली आणि त्या पहिल्याच भिंतीने मला तोंडघशी पाडलं.

मोरीलगतची भिंत होती. कमरेइतक्या उंचीपर्यंत पोपडे सुटलेले, त्याच्या वर रंग शाबूत. माझ्या हातात नवाकोरा पिनांचा ओलमापक. दोन्ही पिना गिलाव्यात टोचल्या, आकडा थेट टोकाला. मी ठामपणे सांगून टाकलं, आत पाइप गळतोय. घरच्यांनी दोन दिवसांत फरशी उखडली, भिंत फोडली. पाइप खडखडीत कोरडा. काकू रागावल्या नाहीत, फक्त त्या दिवशी चहा आला नाही. भिंत फोडायला आलेल्या कडियाने (बडोद्यात गवंड्याला आम्ही मराठी माणसंही कडियाच म्हणतो) बोटाने पांढरी पूड उचलली, जिभेच्या टोकाला लावली आणि म्हणाला, "बेन, आ तो लूणो छे."

लोणा. जमिनीतलं पाणी विटांमधून केशाकर्षणाने वर चढतं, हवेत उडून जातं आणि सोबत आणलेले क्षार भिंतीत ठेवून जातं. पिनांचा मापक मोजतो तो विजेला होणारा विरोध. क्षार असले की वीज सहज वाहते आणि बऱ्यापैकी सुकलेली भिंतसुद्धा चिंब असल्यासारखा आकडा देते. शिवाय त्यावरचे टक्के लाकडासाठी आखलेले असतात. भिंतीवर त्यांचा उपयोग तुलनेपुरताच: वर किती, खाली किती, शेजारच्या सुक्या भिंतीवर किती. मापकासोबत आलेल्या कागदावर हे बारीक अक्षरात छापलेलं होतं. मी तो कागद खोक्यातच ठेवला होता.

हल्ली दर पावसाळ्याआधी दोन-चार मुलंमुली विचारायला येतात: ताई, या कामात यायचंय, कोर्स कोणता करू, मशीन कोणतं घेऊ? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

मी बडोद्याच्या म. स. (महाराजा सयाजीराव) विद्यापीठातून मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं आणि तीन वर्षं एका लॅबमध्ये पिण्याचं पाणी तपासत बसले. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात ४०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, विश्वामित्री नदी शहरात शिरली, मगरी रस्त्यावर आल्या. बातम्या मगरींच्याच झाल्या. पाणी ओसरल्यावर ओळखीची माणसं भिंतीचा खरवडलेला रंग पुडीत बांधून माझ्याकडे आणायला लागली. "बघ ना गं, हे कसलं आहे?" पारदर्शक चिकटपट्टीने नमुना उचलायचा, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यू या निळ्या रंगाच्या थेंबावर काचपट्टीला लावायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. क्लॅडोस्पोरियम आहे, अल्टरनेरिया आहे, एवढं मी सांगू शकायचे. पुढचा प्रश्न हमखास यायचा, "मग आता करायचं काय?" तिथे मी गप्प. मला बुरशी कळत होती, घर कळत नव्हतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: विज्ञानाची पदवी असेल तर एखाद्या कडियाच्या मागे सहा महिने फिरा, सिव्हिलचा डिप्लोमा असेल तर एखाद्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकापाशी महिना-दोन महिने बसा. दोन्हींपैकी एकच बाजू असलेला माणूस या कामात लंगडाच राहतो. आपल्याकडे या कामाला सरकारी परवाना लागत नाही. मापक घेतलेला कोणीही उद्यापासून 'तज्ज्ञ' होऊ शकतो, आणि होतातही.

मी त्याच जीभ लावणाऱ्या कडियाच्या मागे लागले. रविवारी ते जुन्या घरांची डागडुजी करायचे, मी पिशवी धरून उभी. पहिल्यांदा कळलं ते हे की गायकवाडी काळातल्या विटांच्या आणि चुन्याच्या भिंती ओल शोषतात आणि सोडतातही. सागवानी खांब, मधला चौक, उंच कौलारू छप्पर, सगळ्या घराला वारा. पावसाळ्यात भिंत ओली व्हायची, उन्हात सुकून जायची. मग मधल्या कुठल्या तरी पिढीत कोणीतरी "पक्कं काम" म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा मारतं, वर ऑइलपेंट. चौकावर पत्रे टाकून खोली काढतात. भिंतीला बाहेरून जे पाणी येतं ते येतच राहतं, जायची वाट बंद होते. ओल सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत चढते आणि तिथे फुटते. लोक म्हणतात, एवढं सिमेंट केलं तरी भेज (ओल) आलाच. सिमेंट केलं म्हणून आला, हे सांगताना शब्द जपून वापरावे लागतात, कारण ते करून घेणारे आजोबा बहुधा समोरच्याच खुर्चीत बसलेले असतात.

लोणा आणि बुरशी यांत गोंधळ फार होतो. चिमटीत धरून चुरडलं की लोणा करकरतो आणि पाण्याच्या थेंबात विरघळतो. बुरशी विरघळत नाही, बोटाला काळी-हिरवी माखते. काळा डाग धुराचा की बुरशीचा अशी शंका असेल तर ब्लीचचा एक थेंब टाकायचा, बुरशीचा रंग उडतो, काजळीचा नाही. (जिभेला काहीही लावू नका. कडियाकाकांची गोष्ट वेगळी.)

बुरशीला भिंतीवरून पाणी टपकावं लागत नाही, हे समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. बडोद्याच्याच अकोटा भागात एका बंगल्यात मुलाच्या खोलीत एसी, पलीकडे आजींची खोली, मधली भिंत साडेचार इंची. आजींच्या बाजूला भिंतभर काळे ठिपके. वर पाण्याची टाकी नाही, आत पाइप नाही. तीन प्लंबर येऊन गेलेले. मी आजींच्या खोलीत आर्द्रतामापक ठेवला: ३० अंश, ८० टक्के. अशा हवेचा दवबिंदू साधारण २६ अंशांवर असतो. एसी रात्रभर २० वर, त्यामुळे भिंतीचा आजींकडचा पृष्ठभाग पहाटे २४-२५ पर्यंत उतरलेला. म्हणजे आजींच्या खोलीतली हवाच त्या भिंतीवर रोज पहाटे दव धरत होती. भिंत इतकी गार नसती, पृष्ठभागाजवळची आर्द्रता नुसती ८० टक्क्यांच्या आसपास दिवसचे दिवस राहिली असती, तरी बुरशीला पुरलं असतं. उपाय एसी २६ वर ठेवणं, भिंतीला टेकलेलं कपाट वीतभर पुढे ओढणं आणि आजींच्या खोलीची खिडकी कधी उघडायची हे ठरवणं, एवढाच निघाला. नमुना एकही घेतला नाही. घरच्यांना ते पटेना. "तपासणी न करताच?" अहो, तपासणी झाली की.

या धंद्यात शिकायची अवघड गोष्ट तीच, नमुना नको म्हणणं. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए स्पष्ट सांगते की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुना घ्यायची गरज नसते. तिथेही घरातल्या बुरशीसाठी केंद्र सरकारने ठरवलेली मर्यादा नाही, त्यामुळे 'पास-नापास' असा अहवाल देणारा माणूस स्वतःच्या मनाचा आकडा देत असतो. भिंत भिजली तर २४ ते ४८ तासांत सुकवा, हीसुद्धा त्यांचीच शिफारस. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात सयाजीगंजात ज्या घरांत पाणी त्याहून जास्त वेळ उभं राहिलं, तिथे बुरशी आहे का हे शोधायला मशीन कशाला?

मग हवेचे नमुने घ्यायचेच नाहीत का? घ्यायचे, प्रश्न नेमका असेल तेव्हा. कुबट वास येतोय पण काही दिसत नाही, किंवा सफाई झाल्यावर ती नीट झाली का हे बघायचंय. पंपाला बुरशीचे बीजाणू पकडणारी छोटी कॅसेट लावून मिनिटाला १५ लिटर हवा ५ मिनिटं ओढतात, म्हणजे ७५ लिटर. लॅब त्यातले बीजाणू मोजते आणि घनमीटरला किती ते लिहिते. इथे एक गंमत आहे. ७५ लिटरमध्ये एक बीजाणू सापडला की हिशेबाने तो घनमीटरला १३ होतो. अहवालात एका खोलीपुढे १३ आणि दुसऱ्या खोलीपुढे ४० दिसले की घरमालक म्हणतात, तिप्पट! प्रत्यक्षात एक बीजाणू आणि तीन बीजाणू. कोणी दार उघडून आत आलं तरी एवढा फरक पडतो.

बाहेरच्या हवेचा नमुना घेतल्याशिवाय आतल्याला अर्थ नाही, हे पुस्तकात असतं. तो कुठे घेता हे मात्र चुकूनच शिकावं लागतं. बडोद्याच्या वाडी भागातल्या एका घरी मी बाहेरचा नमुना अंगणात घेतला, तोही ओल्या पालापाचोळ्याच्या ढिगाशेजारी. बाहेरचा आकडा एवढा फुगला की आतली हवा गंगेसारखी पवित्र दिसली. घरचे खूश, आणि मागच्या खोलीची भिंत समोर काळीकुट्ट. पैसे परत केले. कॅसेटमधून अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून अहवालात दोघांची जोडीच लिहिलेली असते. नवख्या पोरांना ती लॅबची चूक वाटते. वेगळे करायचे तर कल्चर करावं लागतं (लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायची), आणि कल्चरमध्ये फक्त जिवंत बीजाणू वाढतात. मेलेल्या बीजाणूंनीही शिंका येतातच.

काळ्या बुरशीबद्दल लोक मोबाइलवर वाचून येतात आणि घाबरलेले असतात. स्टॅकिबॉट्रिस काळी असते, पण काळी दिसते ती प्रत्येक बुरशी स्टॅकिबॉट्रिस नसते. तिला सतत चिंब असलेला कागदासारखा पदार्थ लागतो: जिप्सम बोर्डाचा कागद, भिजलेली पुठ्ठ्याची खोकी. आपल्या चुन्याच्या भिंतींवर मला बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियमच दिसलं. एकदा खरी स्टॅकिबॉट्रिस मिळाली ती माळ्यावर, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात. कौल फुटून वर्षभर त्याच गठ्ठ्यावर पागोळी गळत होती.

तब्येतीबद्दल विचारतातच. दमट, बुरशी धरलेली घरं आणि खोकला, छातीत घरघर, दम्याचा त्रास यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत मांडलेला आहे, तेवढं सांगायचं आणि छातीच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. "तुमच्या मुलाचा दमा या भिंतीमुळे" असं वाक्य तोंडातून जाऊ द्यायचं नाही. तुम्ही भिंत तपासलीय, मूल नाही.

आता पैशांचं. मी पाहणीची फी वेगळी घेते आणि लॅबची फी वेगळी, घरमालक ती परस्पर लॅबला देतात. वॉटरप्रूफिंग करणाऱ्या एका कंपनीचा माणूस पहिल्याच वर्षी घरी आला होता: तुम्ही अहवालात आमचं नाव सुचवा, दर कामामागे तुमचा वाटा. आई आत पोहे करत होती, तिने बाहेर येऊन विचारलं, "वाटा कशाचा?" तो पोहे न खाता गेला. न्यूयॉर्क, टेक्सास, फ्लोरिडा या राज्यांत एकाच घरात तपासणीही तीच कंपनी आणि दुरुस्तीही तीच, याला कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडे ती स्वतःच पाळायची. नुकसान होतं. पहिली दोन वर्षं पाण्याच्या लॅबमधली अर्धवेळ नोकरी मी सोडली नव्हती, तुम्हीही सोडू नका. कामं जुलै ते ऑक्टोबरमध्ये गर्दीने येतात, मार्चमध्ये फोन वाजत नाही.

सामान थोडंच लागतं. टॉर्च सर्वांत महत्त्वाचा. भिंतीला चिकटवून तिरका धरला की फुगलेला गिलावा सावलीसकट दिसतो. दोन आर्द्रतामापक, एक पिनांचा ओलमापक, चिकटपट्टी, पेन्सिल. थर्मल कॅमेरा मी चौथ्या वर्षी घेतला. तो पाणी दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो. ओली जागा बाष्पीभवनाने गार पडते म्हणून निळी दिसते, आणि एसीचा झोत लागलेली कोरडी जागाही तशीच निळी दिसते. खरवडायचं असेल तर एन-९५ मास्क, हातमोजे आणि फटी नसलेला चष्मा. आणि ओल्या भिंतीवरच्या जुन्या लाकडी स्विचबोर्डला हात लावण्याआधी मेन बंद करा. मला एकदा झटका बसलाय, पिना हातात असतानाच.

पेन्सिल अशासाठी की मोजलेल्या प्रत्येक जागेवर मी बारीक अक्षरात आकडा आणि तारीख लिहून ठेवते. पुढच्या वेळी तिथेच मोजायचं. ज्या वाड्यात तोंडघशी पडले तिथे नंतर सिमेंट काढून चुन्याचा गिलावा केला, बाहेरच्या पन्हळीचं तोंड भिंतीपासून लांब वळवलं. चार ओळी आकडे आहेत त्या भिंतीवर, दरवर्षी थोडे थोडे उतरत गेलेले. लोणा मात्र अजून थोडा फुटतोच. क्षार बाहेर पडायला वेळ लागतो, हे काकूंना आता माझ्यापेक्षा चांगलं समजावता येतं.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. दोन आर्द्रतामापक वेगवेगळ्या खोल्यांत टांगा, जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा, कपाटांच्या मागे टॉर्च मारा. मी केलं तेव्हा सर्वांत वाईट आकडे आमच्याच स्वयंपाकघराचे निघाले. खिडकीपुढे फ्रिज मीच ठेवला होता.