ड्राफ्ट्समन मेकॅनिकल: आयटीआयची दोन वर्षे कशी वापरावीत

वस्तूंची रचना आणि यंत्रकाम शिकून लवकर कमावते व्हायचे असेल, तर आयटीआयमधील ‘ड्राफ्ट्समन मेकॅनिकल’ हा यंत्रभागांची ड्रॉइंग काढायला शिकवणारा ट्रेड अवश्य विचारात घ्यावा. गणित आणि विज्ञान घेऊन दहावी उत्तीर्ण झालेल्यांना या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येतो. महाराष्ट्रात हे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतात आणि अंतिम परीक्षेनंतर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते.

पहिल्याच आठवड्यात कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढण्याचे सॉफ्टवेअर) शिकण्याची घाई बहुतेकांना होते, ती आवरावी. संगणक रेघ सरळ काढून देतो. पण कोणती रेघ का काढायची, हे तो सांगत नाही. त्यासाठी आधी हाताने रेखाटने काढण्याची सवय लावावी. भारतात फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतात, म्हणजे वस्तूचे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते आणि डावीकडून दिसणारे उजवीकडे. अमेरिकी ड्रॉइंगमध्ये थर्ड अँगल असल्याने ही मांडणी नेमकी उलटी असते, म्हणून कोणतेही ड्रॉइंग हाती आले की आधी टायटल ब्लॉकजवळचे (ड्रॉइंगची माहिती असलेल्या चौकटीजवळचे) प्रोजेक्शनचे चिन्ह पाहावे. ते न पाहिल्यास डाव्या बाजूचे भोक उजवीकडे पाडले जाऊन अख्खा जॉब, म्हणजे बनवायला घेतलेला भाग, भंगारात जाऊ शकतो.

सरावासाठी वर्कशॉपमधील बेंच व्हाइससारखी साधी वस्तू परवानगी घेऊन सुटी करावी, प्रत्येक भागाचे माप व्हर्नियरने घ्यावे आणि आधी सुट्या भागांचे, मग पूर्ण जोडणीचे ड्रॉइंग काढावे. आपल्या कागदावरून वर्गमित्राला काहीही न विचारता तो भाग बनवता येईल का, एवढी एकच कसोटी लावावी. त्याला एखादे माप विचारावे लागले, तर ड्रॉइंग अपुरे आहे असे समजावे.

सर्वाधिक वेळ टॉलरन्सला, म्हणजे मापात किती फरक चालेल हे ठरवण्याला द्यावा, कारण रचनाकाराचा खरा निर्णय तिथेच असतो. समजा, २५ मिमी व्यासाचा शाफ्ट (फिरणारा दांडा) बुशमध्ये (त्याला आधार देणाऱ्या नळीत) मोकळा पण न डगमगता फिरायला हवा. त्यासाठी बुशच्या भोकाला एच७ आणि शाफ्टला जी६ ही टॉलरन्सची ठरलेली चिन्हे दिली, तर भोक २५.००० ते २५.०२१ मिमी आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ मिमी असावा लागतो. म्हणजे दोहोंमधील फट कमीत कमी ०.००७ आणि जास्तीत जास्त ०.०४१ मिमी राहते. ०.०२ मिमी लघुतम माप असलेल्या व्हर्नियरने हे तपासता येत नाही. तिथे गो-नो-गो गेज (एक टोक आत जायला हवे, दुसरे जाता कामा नये, असे तपासणीचे साधन) लागतो आणि भोक ड्रिलवर न थांबता रीमरने, म्हणजे भोक अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराने, पुरे करावे लागते. कागदावर दोन अक्षरे लिहिताना आपण कारखान्याचा खर्च ठरवत असतो. म्हणूनच जिथे नुसता बोल्ट आरपार जायचा आहे, तिथेही एच७ लिहिणारा विद्यार्थी हुशार नव्हे, महागडा ठरतो.

अभ्यासक्रमात फिटर, टर्नर, वेल्डर अशा इतर ट्रेडची कामेही थोडीफार शिकवली जातात. अनेकजण हे तास टाळतात आणि माझ्या मते तिथेच मोठे नुकसान करून घेतात. लेथवर टूल कुठपर्यंत पोहोचते, आतल्या कोपऱ्याला त्रिज्या का ठेवावी लागते, वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा कसा वाकतो, हे हात काळे केल्याशिवाय उमगत नाही. त्यानंतर थ्रीडी मॉडेलिंग शिकायला फार वेळ लागत नाही.

प्रमाणपत्रानंतर दोन वाटा ठळक आहेत. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात अप्रेंटिस म्हणून विद्यावेतनावर काम करता येते, किंवा अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. साचे आणि डाय यांतच रस असल्यास छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधील टूल अँड डाय मेकिंगची पदविकाही पाहावी. मुलाखतीला जाताना निवडक चार-पाच ड्रॉइंग सोबत न्यावीत आणि त्यांतील प्रत्येक टॉलरन्स तोच का दिला, याचे उत्तर तयार ठेवावे.